आत्याच्या उंचीची कबर

खड्डा खणायला काय अक्कल लागते, असं मला तोंडावर विचारणारे लोक मी पाहिलेत. मी त्यांच्या हातात कुदळ देते आणि म्हणते, घ्या, काढा. गुडघ्याएवढं खोल गेलं की त्यांची भिंत आत झुकायला लागते, तळ एका बाजूला उतरतो आणि गडी कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघत उभा राहतो. माझ्या हातची कबर वरपासून तळापर्यंत एका मापाची असते. पेटी उतरताना कुठे घासत नाही, कुठे अडकत नाही, दोर धरणाऱ्या चौघांना एकमेकांवर खेकसावं लागत नाही. घरच्या माणसांना त्या वेळी सोसायला दुसरं पुष्कळ असतं, त्यात पेटी अडकल्याचा आवाज तरी नको. आमच्या चर्चच्या कबरस्तानात आधी आजोबा, मग बाबा आणि आता मी, असं हे काम चालत आलंय. तिघांपैकी एकाचीही कबर कधी ढासळली नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. बरं, फुशारकी म्हणूनच सांगते.

आमच्या घरात एक काठी आहे, आजोबांच्या हातची, माझ्या डोक्याच्या वर चांगली दोन वीत जाणारी. बाहेरच्यांचं माप आम्ही पेटीवरून घेतो. घरच्यांचं माप मात्र या काठीवर आधीच कोरलेलं असतं. वाढ थांबली की माणसाला भिंतीला टेकवून उभं करायचं, काठी शेजारी धरायची आणि डोक्याच्या उंचीला चाकूने खाच पाडायची. माणूस गेलं की त्या खाचेत काळा रंग भरायचा. माझी आई लग्न होऊन आली आणि आठवड्याच्या आत तिला भिंतीशी उभं केलं, तेव्हा बिचारी रडायलाच लागली होती म्हणे. तिला वाटलं, आपण जरा जास्तच दिवस टिकतोय की काय यांना. पण आमच्यात तो लाड असतो. तुझी जागा आम्हीच काढू, परक्याच्या हाती सोडणार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

काठीवरची सगळ्यात वरची खाच माझ्या आत्याची. बाबांची सख्खी बहीण, त्यांच्यापेक्षा चार बोटं उंच, आणि ती चार बोटं तिने त्यांना जन्मभर ऐकवली. हिची कबर काढायची म्हणजे चार टोपल्या माती जास्त उपसावी लागणार, असं बाबा म्हणायचे. मग तू पुढे हो, माझी घूस काढील, असं ती म्हणायची. घूस म्हणजे मी. लहानपणापासून माती उकरायची सवय, त्यावरून तिने ठेवलेलं नाव. पन्नाशी उलटली तरी ती भर चर्चच्या दारात मला त्याच नावाने हाक मारायची आणि मी वळून बघायचे.

बाबा खरंच पुढे गेले, आठ वर्षांपूर्वी. त्यांची कबर मी एकटीने काढली, कोणाला हात लावू दिला नाही. जायच्या आधी आठवडाभर ते पुन्हा पुन्हा एकच सांगत होते. आत्याची कबर काढशील तेव्हा मापात काटकसर करू नकोस, तिच्या बाबतीत माझं एकदा चुकलंय. काय चुकलंय ते मी विचारलं नाही, कारण मला ते ठाऊक होतं.

यंदा आत्या गेली, एक्क्याऐंशीव्या वर्षी, दुपारी झोपेत. जन्मभर परिचारिका होती, लग्न केलं नाही, निवृत्त झाली तरी रोज सकाळी घड्याळ बघून उठायची. तिला घालायचे कपडे काढायला मी कपाट उघडलं तर दवाखान्याच्या पांढऱ्या साड्यांच्या घडीखाली माझ्या नावाची चिठ्ठी निघाली. अक्षर मोठं, औषधाच्या बाटलीवर लिहावं तसं सुटं सुटं. चिठ्ठीत एवढंच होतं:

‘घूस, मला पुरायचं नाही, जाळायचं. मग राख आपल्या कबरस्तानात ठेवायची. मी शब्द दिलाय. पंच नाही म्हणतील. तू भांड. त्या दिवशी काही लोक येतील, त्यांना फाटकावर अडवू नकोस.’

वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या कपाटाशीच खाली बसले आणि तिच्याशी भांडले, ती शेजारच्या खोलीत निजलेली असताना. गावाच्या कबरी मी काढायच्या. ज्यांनी रस्त्यात कधी मान हलवून ओळख दाखवली नाही, त्यांच्यासाठी हाताला फोड आणायचे. आणि जिच्या मांडीवर मी वाढले तिला माझ्या हातची कबर नको? मला त्या दिवशी दुःखापेक्षा राग जास्त होता, आणि रागापेक्षा अपमान जास्त होता. खोटं कशाला बोलू?

शब्द कोणाला दिला, तेही मला माहीत होतं. आमच्या चर्चमध्ये सगळ्यांनाच माहीत होतं, फक्त तो विषय कोणी काढत नसे.

चाळीस वर्षांपूर्वी साथ आली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. दवाखान्यात दगावलेलं माणूस घरी द्यायचं नाही, मातीत द्यायचं नाही, तिथल्या तिथे जाळायचं, असा सरकारी हुकूम निघाला होता. आमच्या चर्चची दहा माणसं त्यात गेली. आत्या त्याच विभागात होती. भट्टीवरची माणसं घाईत असायची, सगळ्यांची राख एकत्र लोटून द्यायची. आत्या भट्टीच्या दाराशी ठाण मांडून बसायची आणि आपल्या माणसांची राख वेगवेगळी मागून घ्यायची. औषधाच्या भुकटीचे पत्र्याचे डबे धुऊन, वाळवून त्यात ती भरायची, झाकणावर रंगाने नाव लिहायची आणि स्वतः घरोघरी नेऊन द्यायची.

ते डबे घेऊन लोक कबरस्तानात आले, आणि बाबांनी फाटक लावून घेतलं. पंचमंडळाचा नियम तसाच होता. इथे देह पुरला जातो, जाळलेलं काही आत येणार नाही. मी बाबांच्या मागे उभी होते. कोटाच्या आत डबा धरलेला एक माणूस मला अजून दिसतो. तो भांडला नाही, नुसता थोडा वेळ उभा राहिला आणि परत गेला. दहाच्या दहा घरांचं तेच झालं. डबे कपाटात गेले, ट्रंकेत गेले, माळ्यावर गेले. वर लोकांची कुजबुज सुरू झाली, की ज्याचा देहच राहिला नाही तो शेवटच्या दिवशी उठणार कसा.

तेव्हा आत्या पुन्हा त्या दहा घरी गेली. तुमचं माणूस उठेल, असं तिने सांगितलं. माझ्यावर विश्वास नसेल तर मीही त्याच वाटेने जाईन, आणि माझी राख याच कबरस्तानात जाईल, तेव्हा बघा. आणि त्या दिवशी या. समोरचं माणूस दुःखात असलं की आपण काहीबाही बोलून जातो. पण आत्या कधी काहीबाही बोलली नाही.

रात्री मी चिठ्ठी तीनदा वाचली आणि माझा अपमान गिळला. गिळला म्हणजे खाली गेला नाही, घशातच राहिला, पण सकाळी मी तिला विद्युतदाहिनीत घेऊन गेले. नवे पाळक बरोबर आले, कोवळं पोर, आमच्याकडे येऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांनी प्रार्थना केली आणि आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. आत काम करणारा माणूस चांगला होता, काय चाललंय ते विचारल्यावर नीट सांगायचा. कामाला काम भेटलं की मला बरं वाटतं. दोनेक तासांनी त्याने माझ्या हातात एक लाकडी पेटी ठेवली, अजून कोमट. एवढी उंच बाई, आणि माझ्या पहारीपेक्षा हलकी झाली होती. तिथे मी रडले, पोटभर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चर्चच्या मागच्या खोलीत पंच बसले. पाच पंच, पाळक आणि मी. टेबलावर पेटी मी मुद्दाम मधोमध ठेवली, म्हणजे कोणाला तिच्या पाठीमागे बोलता येऊ नये. पंचांचे प्रमुख म्हणजे मोठे मास्तर. निवृत्त मुख्याध्यापक. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, मीसुद्धा. बोलताना अजून बोटांत खडू धरल्यासारखा हात धरतात. त्या साथीत त्यांचा धाकटा भाऊ गेला होता, पंधरा वर्षांचा. मास्तर तेव्हा शाळेत नुकतेच लागलेले. त्या भावाबद्दल ते कधी बोलत नसत, आणि त्यांच्या तोंडून ते काढायची कोणाची छाती नव्हती.

मास्तर उगाच आडवे येणारे नव्हेत, हे आधी कबूल करते. त्यांनी शांतपणे मुद्दा मांडला. जुन्या काळी वेदीवर जनावर जाळत, पापाच्या बदल्यात. देवाने ते सगळं संपवलं. आपल्यासाठी बलिदान एकदाच झालं आणि ते पुरेसं झालं. त्यानंतर आपल्या कुठल्याही देहाने आगीत जायचं कारण उरलं नाही. प्रभूला स्वतःला थडग्यात ठेवलं, आपणही आपली माणसं तशीच ठेवतो, निजवल्यासारखी. जे जाळतात त्यांचं त्यांच्यापाशी, पण आपली खूण ही आहे, आणि ती आपल्या बापजाद्यांनी राखली आहे. बाकीचे चौघे माना डोलवत होते. खरं सांगायचं तर माझीही मान थोडी डोलली, कारण बापजादे म्हणजे माझेच की.

पाळकांचे कान लाल झाले होते, पण पोरगं बोललं. मास्तरांचाच मुद्दा आपण धरू, असं ते म्हणाले. बलिदान एकदाच झालं आणि पुरेसं झालं, तर मग आता जाळलेला कुठलाही देह बलिदान ठरूच शकत नाही. आत्याबाई कोणाच्या पापाची भरपाई करायला गेल्या नाहीत, ते काम आधीच झालेलं आहे. मग उरते नुसती आग, जशी नुसती माती. आगीला दोन तास लागतात, मातीला पंचवीस वर्षं. मग त्यांनी आणखी एक सांगितलं, आणि ते मला नवीन होतं. त्या जुन्या नियमातसुद्धा होमाची राख कुठेही फेकायची नव्हती. याजकाने कपडे बदलायचे आणि ती राख वस्तीबाहेरच्या एका स्वच्छ जागी नेऊन ठेवायची. जनावराच्या राखेला एवढा मान होता.

मी विचारलं, स्वच्छ जागा म्हणजे कशी? पाळक म्हणाले, तेवढं लिहिलेलं नाही. मी म्हटलं, मग मी सांगते. आपलं कबरस्तान रोज सकाळी मी झाडते, फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत, तण उपटते, सुकलेली फुलं उचलते. या गावात त्याच्याइतकी स्वच्छ जागा दुसरी असेल तर पंचांनी मला दाखवावी. एक पंच हसले. मास्तर हसले नाहीत.

मला तेव्हा थांबता आलं असतं. पण एकदा तोंड उघडलं की मी काही थांबणाऱ्यातली नाही. मी मास्तरांकडे वळून म्हटलं, देहाचं काय होतं ते तुम्ही सगळे शास्त्रावरून सांगताय, मी बघितलंय.

“मास्तर, तुमच्या आजोबांची कबर उघडून त्यात तुमच्या वडिलांना ठेवलं, तेव्हा खाली मी उतरले होते. तिथे एक बटण होतं आणि बुटाचे चार खिळे. बाकी माती. चांगली, भुसभुशीत माती. देव त्या बटणावरून तुमच्या आजोबांना उठवणार असेल, तर एवढ्या पेटीभर राखेतून माझ्या आत्याला उठवताना त्याचा हात दुखणार आहे का?”

मला वाटलं, गेलं आता सगळं, मी तोंडाने घालवलं. मास्तर त्या लाकडी पेटीकडे बघत होते. मग त्यांनी हळूच विचारलं, आणि त्यांचा आवाज मुख्याध्यापकाचा नव्हता.

“आणि चाळीस वर्षांपूर्वी ज्यांनी नियम पाळला, त्यांनी आता काय करायचं?”

मला वाटलं, ते बाबांबद्दल बोलतायत. मी म्हटलं, बाबांनी जाताना कबूल केलं होतं की त्यांचं चुकलं, आणि ते कबूल करूनही ते माझे बाबाच राहिले, इंचभरही कमी झाले नाहीत. मास्तरांनी मान खाली घातली. शेवटी ठरलं ते असं. मागच्या भिंतीशी, हातभर लांब, हातभर रुंद आणि तेवढाच खोल एक खड्डा. फक्त आत्यासाठी. पुढचं पुढे बघू. मी पेटी उचलली आणि कोणाचं मन बदलायच्या आत तिथून सटकले.

आता माझ्या चुकीचं सांगते. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे मी कामाला लागले. काठी घेतली, सुतळी घेतली, खुंट्या ठोकल्या. डोक्यात आत्याच होती, तिचं बोलणं, तिचं चालणं, भट्टीच्या दाराशी ठाण मांडून बसलेली ती. हात आपलं काम करत होते. माती ओलसर होती, कुदळ चांगली बसत होती. वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला, कडा दोरीत. बाबांचं ते काटकसर नको असं सांगणं कानात होतं. छातीएवढं खोल गेल्यावर मी घाम पुसायला थांबले, वर बघितलं, आणि कपाळाला हात लावला. काठी काठावर आडवी पडली होती आणि खड्डा बरोबर तिच्या सगळ्यात वरच्या खाचेएवढा लांब होता, वर आमची नेहमीची सोडायची वीतभर जागा. हातभर खड्डा सांगितला होता आणि मी आत्याच्या उंचीची अख्खी कबर काढून बसले होते. पंचांनी हजारदा सांगितलं असतं तरी माझ्या हातांना दुसरं जमलं नसतं. आत्याचं नाव घेतलं की ते त्या खाचेवर जाणार, तीस वर्षांची सवय आहे ती.

बुजवायला वेळ नव्हता. शिवाय, खरं सांगू का, बुजवायचं मनात आलंच नाही. भिंती अशा उतरल्या होत्या की मी स्वतःच हात फिरवून बघितला. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम होतं. ते आत्याचं होतं, आणि आत्याला ते मिळालंय हे बघून माझ्या घशात अडकलेलं एकदाचं खाली गेलं.

नऊला पाळक आले, पंच आले, चर्चची माणसं आली. मास्तर कबरीच्या काठाशी येऊन थांबले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. हातभर ठरलं होतं, एवढंच म्हणाले. मी म्हटलं, हो, ठरलं होतं. माझं चुकलं. काठी लावली आणि हात ऐकेनात. एकदोघांनी तोंडावर रुमाल धरला, हसू लपवायला. ती आता निवलेली छोटीशी पेटी पाळकांच्या हातात, आणि समोर एवढी मोठी कबर. मलाही ते जरा विचित्र दिसलं, नाही म्हणत नाही.

तेवढ्यात फाटकाबाहेर माझं लक्ष गेलं. तिथे माणसं उभी होती, बरीचशी म्हातारी. आत येत नव्हती. आमच्या फाटकाला दोन पल्ले आहेत. एरवी एकच उघडा असतो, दोन्ही उघडतात ते फक्त पेटी आत येताना. ही माणसं त्या एका उघड्या पल्ल्यासमोर उभी होती आणि पाऊल टाकत नव्हती. मी जवळ गेले. सगळ्यांत पुढे एक आजी होत्या, छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी धरून. टॉवेलाची कड सरकली होती आणि आतून पत्र्याचं झाकण दिसत होतं. त्यावर आत्याचं अक्षर, मोठं, सुटं सुटं. आजींनी विचारलं, आत आणू का? चाळीस वर्षांपूर्वी इथेच विचारलं असेल त्यांनी, आणि तेव्हा पुढे माझे बाबा उभे होते.

मी दुसऱ्या पल्ल्याची कडी वर उचलली, ती नेहमीसारखी अडली, लाथ घालावी लागली, आणि दोन्ही पल्ले भिंतीला लागेपर्यंत उघडले. मग ती सगळी आत आली. कोणाच्या पिशवीत डबा, कोणाच्या कोटात, कोणी नातवाच्या हाती न देता स्वतःच दोन्ही हातांनी धरलेला. नऊ डबे होते. मी मोजले.

पाळकांनी मास्तरांकडे बघितलं, पंचांनी मास्तरांकडे बघितलं. पुढचं पुढे बघू असं ठरलं होतं, आणि पुढचं दुसऱ्याच सकाळी समोर येऊन उभं राहिलं होतं. मास्तर एकेका डब्यावरचं नाव वाचत होते, ओठ हलत होते. पूर्वी वर्गात हजेरी घ्यायचे तसे. मग त्यांनी मान हलवली आणि बाजूला झाले.

मी खाली उतरले. आत्याची पेटी मी उशाशी ठेवली. मग एकेक डबा वरून माझ्या हाती आला आणि मी तिच्यापासून पायांकडे एका ओळीत लावत गेले. प्रत्येक डबा देताना घरच्यांनी नाव घेतलं, आणि मी ते खालून परत म्हटलं, म्हणजे मिळाला हे त्यांना कळावं. हातभर खड्ड्यात हे सगळे मावले नसते. तेव्हा मला बाबांची इतकी आठवण आली, आणि माझ्या हातांचा इतका अभिमान वाटला, की मी तिथेच खाली उभी राहून मोठ्याने हसले. आत्या असती तर म्हणाली असती, बघा, घूस कशी खूश झालीय.

वर यायला मी हात पुढे केला तर तो मास्तरांनी धरला. मला वर घेतलं आणि हात सोडला नाही.

“माझ्याकडे डबा नाही,” ते म्हणाले. “नियम होता. मी त्याच संध्याकाळी पुलावर गेलो आणि नदीत सोडला. डब्यासकट.”

ते सगळ्यांसमोर म्हणाले, मुख्याध्यापकाच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मला कळलं की पंचांच्या खोलीतला तो प्रश्न बाबांबद्दलचा नव्हता, त्यांच्या स्वतःबद्दलचा होता. आत कबरीत पायाशी अजून जागा होती, आणि ती आम्हा दोघांनाही दिसत होती. मी काय बोलणार? शास्त्र मला येत नाही. मला येतं ते मी केलं. जाऊन काठी आणली, त्यांच्यासमोर जमिनीवर उभी धरली आणि विचारलं, किती उंच होता तो?

मास्तरांना आधी कळलं नाही. मग कळलं. आमच्या काठीचं सगळ्या गावाला माहीत आहे. त्यांनी हात उचलला, थोडा वर, थोडा खाली, आणि आपल्या खांद्याच्या जरा खाली आणून थांबवला. जागा पक्की होती. म्हणाले, इथे. जून महिन्यात मोजला होता, दाराच्या चौकटीला. मी खिशातला चाकू काढला आणि त्यांच्या बोटांखाली खाच पाडली. त्यांनी भावाचं नाव घेतलं, चाळीस वर्षांनी पहिल्यांदा, आणि मी ते परत म्हटलं.

नंतर मी माती ओढायला लागले तेव्हा मास्तरांनी दुसरं फावडं उचललं. ते त्यांना नीट धरता येईना, मी दाखवलं. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना काही शिकवलं. त्यांनी निमूट ऐकलं.

त्या संध्याकाळी मी आत्याच्या खाचेत काळा रंग भरला, आणि मग खालच्या त्या नव्या खाचेतही. ती काठी आता दाराशी उभी असते. एखादा पाहुणा कधी विचारतो, एवढ्या सगळ्या मोठ्या माणसांमध्ये ही एवढी खाली खाच कोणाची? मी सांगते, आमच्या घरातला आहे, धाकटा.